थकलेलं बिल आणि सरत जाणारी मुदत

पाड्यावरच्या शाळेची भिंत बांधून झाली. मोजमाप झालं, बिल सादर झालं, पैसे मात्र आले नाहीत. डहाणू-तलासरी भागातला लहान ठेकेदार, उन्हाळ्यात टँकर पुरवणारा, खडी-रेती टाकणारा ट्रकमालक, शाळेचा पोषण आहार शिजवणारा महिला बचत गट, यांच्यापैकी कुणीही थकलेल्या पैशांची चौकशी करायला गेलं की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "निधी आला की काढू." या उत्तरावर माणूस एक वर्ष थांबतो, दोन वर्षं थांबतो. मधल्या काळात सरपंच बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते, नवा अधिकारी जुनी फाइल शोधायला वेळ मागतो. आणि याच काळात कायद्याने घालून दिलेली एक मुदत सरत असते. तिची आठवण करून देणारी नोटीस कुठूनही येत नाही. ती संपली की देणं बुडालं असं कायदा म्हणत नाही, पण ते वसूल करून द्यायला न्यायालय पुढे येत नाही. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याच्या दृष्टीने दोन्हीचा अर्थ एकच.

ही मुदत किती, ती कोणत्या दिवसापासून मोजायची आणि ती जिवंत कशी ठेवायची, हे कोणाही ठेकेदाराला, पुरवठादाराला किंवा मजुराला समजण्यासारखं आहे. वकिलाकडे जाण्याआधीच ते समजलं तर जास्त उपयोगाचं, कारण मुदत उलटल्यावर चांगला वकीलही फार काही करू शकत नाही.

आधी देणेकरी कोण, हे नक्की करावं लागतं. डहाणू आणि तलासरी हे पालघर जिल्ह्याच्या उत्तरेचे, गुजरातच्या सीमेला लागलेले तालुके. दोन्ही पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. इथे सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या संस्था अनेक आहेत. डहाणू शहरात नगरपरिषद, तलासरीत नगरपंचायत, गावोगावी ग्रामपंचायती, त्यांच्या वर पंचायत समिती आणि पालघरला जिल्हा परिषद. शिवाय पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींबद्दलच्या, कायद्याखाली राज्याने २०१४ मध्ये केलेल्या नियमांनुसार पाड्याला स्वतःची ग्रामसभा आणि तिचा स्वतंत्र कोष असू शकतो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि कारभार वाटला गेला. पुढे तलासरीच्या ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. अशा बदलात जुन्या संस्थेची देणी तिच्या जागी आलेल्या संस्थेकडे जातात, पण मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. प्रशासक आला, निवडणूक झाली, पॅनेल बदललं, तरी संस्था तीच राहते आणि दिवस मोजले जातच असतात. म्हणून कार्यारंभ आदेशावर कोणाची सही आहे आणि काम कोणत्या संस्थेच्या नावाने निघालं, हे पहिल्या दिवशीच पाहून ठेवावं. दावा चुकीच्या संस्थेवर लावला आणि ते तीन वर्षांनंतर ध्यानात आलं, तर दुरुस्ती फार कठीण जाते.

आता मुदत. १९६३ चा मुदत अधिनियम १ जानेवारी १९६४ पासून लागू आहे. त्याला एक लांबलचक अनुसूची जोडलेली आहे आणि कोणत्या दाव्याला किती काळ, हे तिच्यात लिहिलेलं आहे. माल पुरवला आणि पैसे कधी द्यायचे ते ठरलं नसेल तर अनुच्छेद १४ प्रमाणे माल पोचल्यापासून तीन वर्षं. उधारीची मुदत ठरली असेल तर अनुच्छेद १५ प्रमाणे ती संपल्यापासून तीन वर्षं. सांगितल्यावरून काम करून दिलं आणि पैशांची तारीख ठरली नव्हती, तर अनुच्छेद १८ प्रमाणे काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं. मजुरीसाठी अनुच्छेद ७, कराराच्या भंगासाठी ५५, आणि कुठेच न बसणाऱ्या दाव्यांसाठी ११३. सगळीकडे काळ तीनच वर्षांचा.

सगळी गोम मोजणी सुरू होण्याच्या तारखेत आहे. पुष्कळ लोक बिल सादर केल्याच्या तारखेपासून मोजतात. काही जण कार्यालयाने शेवटचा नकार दिल्यापासून मोजतात, आणि निधी आल्यावरच आपला हक्क सुरू होतो असं मानणारे तर बहुसंख्य. कायदा काम संपल्याच्या दिवसाकडे पाहतो. समजा, तलासरीतल्या एका गावात मोरीचं काम १० मार्च २०२३ रोजी पूर्ण झालं आणि पैसे कधी द्यायचे याबद्दल कागदावर काही नव्हतं. तर १० मार्च २०२६ हा दावा दाखल करण्याचा शेवटचा दिवस. त्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दाखल करता येतो, इतकीच सवलत. अंतिम मोजमापानंतर देयक मिळेल असं करारात लिहिलेलं असेल तर तारखेबद्दल वाद होऊ शकतो, आणि करारातले शब्द पाहून न्यायालय निर्णय देतं. पण वादाच्या भरवशावर राहू नये. सर्वांत आधीची तारीख धरूनच हिशोब करावा.

या कायद्याची दोन कलमं फार कडक आहेत. कलम ३ सांगतं की मुदतीनंतर आलेला दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, समोरच्या पक्षाने तो मुद्दा काढला नसला तरीही. म्हणजे गावातले सगळे पंच भले असले आणि कुणालाही तुमचे पैसे बुडवायचे नसले, तरी न्यायाधीशाचे हात बांधलेले असतात. दुसरं कलम ५. आजारपण, पूर, घरातला मृत्यू अशा कारणांनी उशीर माफ करण्याची सोय त्यात आहे, पण ती अपिलांना आणि अर्जांना. मूळ दाव्याला ती लागू नाही. कलम ९ प्रमाणे एकदा मोजणी सुरू झाली की नंतर ओढवलेल्या अडचणीने ती थांबत नाही. ठेकेदार वारला तर त्याच्या पत्नीला आणि मुलांना उरलेलेच दिवस मिळतात. घरात दुःख असताना जुन्या बिलांची फाइल कोण उघडणार? पण ती उघडावी लागते. करोनाकाळात मात्र सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता; त्या सुमाराच्या जुन्या देयकांचा हिशोब करताना तो लक्षात घ्यावा.

मुदतीचा कायदा मुळात कुणाच्या भल्यासाठी, हा प्रश्न महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वी फार महाग किंमत देऊन विचारला आहे. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा करण्याचा काळ तीन वर्षांवर आणला. वरवर पाहता हे ऋणकोच्या सोयीचं होतं. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी शेतकऱ्याला बोलावून नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि साठलेलं व्याज त्या रोख्यात मुद्दल होऊन बसू लागलं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध दंगा झाला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने रोखे नव्याने लिहून घेण्याच्या या पद्धतीची नोंद घेतली, आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दख्खनमधल्या काही जिल्ह्यांपुरती मुदत पुन्हा वाढवून दिली. मुदत लांब की आखूड यापेक्षा कागद कोणाच्या हातात आहे, त्यावर तिचा खरा परिणाम ठरतो. सावकाराच्या हाती रोखा होता, म्हणून आखूड मुदतही त्याच्या उपयोगाला आली. आज ग्रामपंचायतीच्या देण्यात सगळे कागद कार्यालयाच्या कपाटात असतात आणि पैसे ज्याचे, त्याच्याकडे एखाद्या पावतीची झेरॉक्स असते. या असमतोलामुळेच हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि या भूमीत तो अधिकच महत्त्वाचा आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीतल्या झरी गावी वारली शेतमजूर हजारोंनी जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या त्या परिषदेत वेठ बंद झाली पाहिजे आणि दिवसाला बारा आणे मजुरी मिळाली पाहिजे, या मागण्या झाल्या. तोवर जमीनदाराच्या आणि जंगलठेकेदाराच्या कामाला दाम मागायची सोयच नव्हती. त्या माणसांची नातवंडं-पतवंडं आज बचत गट चालवतात, लहान ठेके घेतात, ग्रामपंचायतीत पाणी सोडण्याचं काम करतात. केलेल्या कामाचा दाम त्यांना एका तारखेच्या अज्ञानापायी सोडावा लागावा, हे मनाला पटत नाही.

नगरपरिषद आणि नगरपंचायत यांच्या बाबतीत आणखी एक आखूड मुदत आहे. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाचं कलम ३०४ असं सांगतं की या कायद्याच्या अंमलबजावणीत केलेल्या कृत्याबद्दल किंवा त्यात झालेल्या कसुरीबद्दल दावा करायचा असेल तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी, आणि दावा कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांच्या कायद्यांतही दाव्याआधी लेखी नोटीस देण्याची अट आहे. मग ठेकेदाराच्या बिलाला तीन वर्षं की सहा महिने?

या प्रश्नाचं उत्तर जुनं आहे आणि ते एका कोळशाच्या गाडीपासून मिळालं. इंग्लंडमध्ये १८९३ च्या एका कायद्याने सार्वजनिक संस्थांवरच्या दाव्यांना सहा महिन्यांची मर्यादा घातली होती. ब्रॅडफर्ड शहराची महापालिका गॅसचा कारखाना चालवायची आणि त्यातून उरलेला कोक विकायची. तिच्या माणसाने एका ग्राहकाकडे कोक उतरवताना निष्काळजीपणाने तो दुकानाच्या काचेवर ओतला. नुकसानीचा दावा सहा महिन्यांनंतर झाला. महापालिका म्हणाली, आम्ही सार्वजनिक संस्था, मुदत संपली. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मानलं नाही. कोक विकणं हा एका ग्राहकाशी केलेला खासगी करार होता, ते कायद्याने लादलेलं सार्वजनिक कर्तव्य नव्हतं, म्हणून आखूड मुदतीचं संरक्षण मिळणार नाही, असा निर्णय झाला. इंग्लंडने पुढे १९३९ मध्ये ती मुदत एक वर्षाची केली आणि १९५४ मध्ये तो खास नियमच काढून टाकला. आपल्याकडे तो अजून आहे.

मात्र भारतीय न्यायालयांनीही हाच भेद धरला आहे. मुंबई महापालिकेच्या कायद्यातही असंच कलम आहे, आणि करारातून उद्भवलेल्या दाव्याला ते लागू होत नाही अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच घेतली होती. म्हणून करारानुसार केलेल्या कामाच्या बिलाला तीन वर्षं धरायला आधार आहे. उलट, नगरपरिषदेने कायद्याचा अधिकार वापरून टपरी पाडली, चुकीचा कर वसूल केला, नाली न बांधल्याने घरात पाणी शिरलं, अशा भरपाईच्या दाव्यांना सहा महिन्यांची भीती खरी आहे. आपला दावा कोणत्या प्रकारात मोडतो याबद्दल शंका असेल तर सहा महिन्यांचीच तारीख डोळ्यांसमोर ठेवावी आणि नोटीस पाठवावी. कायद्याने सक्तीची केलेली नोटीस दिली तर तिचा काळ मुदतीतून वगळला जातो, हे मुदत अधिनियमाच्या कलम १५ मध्ये स्पष्ट आहे.

आता सगळ्यांत कामाचा भाग. कोणत्या गोष्टीने मुदत थांबत नाही आणि कोणत्या गोष्टीने ती नव्याने सुरू होते?

फेऱ्या मारल्याने थांबत नाही. तलासरीहून डहाणू, डहाणूहून पालघर असे कितीही हेलपाटे घाला. कायद्याच्या नजरेत ते घडलेच नाहीत. तोंडी आश्वासनाने थांबत नाही. स्मरणपत्रांनीही थांबत नाही, आणि इथे सुशिक्षित माणसंही फसतात. २०१९ मध्ये राजस्थानच्या सरकारी वीज कंपनीकडे जुन्या देयकांची मागणी करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीला सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: नुसता पत्रव्यवहार सुरू ठेवल्याने मुदत वाढत नाही. तुमची पत्रं ही तुमची मागणी आहे. मुदतीला फरक पडतो तो देणेकऱ्याच्या कागदाने.

तो कागद म्हणजे मुदत अधिनियमाच्या कलम १८ मधली कबुली. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने सहीनिशी लेखी मान्य केलं की हे देणं आहे, तर त्या सहीच्या दिवसापासून पूर्ण तीन वर्षं नव्याने मिळतात. वरच्या मोरीच्या उदाहरणात ५ ऑगस्ट २०२४ रोजी अशी कबुली मिळाली तर शेवटचा दिवस ५ ऑगस्ट २०२७ होतो.

या कलमाखालचं स्पष्टीकरण फार उदार आहे, आणि ते माहीत असलेली माणसं थोडी. कबुलीत रकमेचा नेमका आकडा नसला तरी चालतं. "आत्ता पैसे देता येणार नाहीत" असा नकार सोबत असला तरी चालतं. आणि ती कबुली तुम्हाला उद्देशून नसली, दुसऱ्याच कोणाला लिहिलेली असली, तरीही चालतं. याचा अर्थ गावपातळीवर काय होतो पाहा. ग्रामपंचायत गटविकास अधिकाऱ्यांना पत्र लिहिते: अमुक पाड्यावरच्या रस्त्याचं देयक प्रलंबित आहे, निधी उपलब्ध करून द्यावा. हे पत्र ठेकेदाराला कधी दाखवलं जात नाही. पण त्यावर अधिकार असलेल्या माणसाची सही आहे आणि त्यात देणं बाकी असल्याचं मान्य केलेलं आहे. मुदतीच्या आतलं असं एक पत्र दाव्यात तीन वर्षांचं आयुष्य घालू शकतं. मासिक सभेच्या इतिवृत्तातली नोंद, प्रलंबित देयकांची सही केलेली यादी, लेखापरीक्षणाला दिलेलं उत्तर, यांचंही तसंच. हे कागद माहितीच्या अधिकारात १० रुपयांचं शुल्क भरून मागता येतात. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते शुल्कही नाही. उत्तराला ३० दिवस धरले जातात, म्हणून शेवटच्या आठवड्यात अर्ज करून भागत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. कबुली जेवढ्याची, तेवढ्यालाच नवं आयुष्य. ओरिसा खाण महामंडळाच्या २००८ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अंतिम बिलाची बाकी मान्य केली म्हणून वाढीव दर किंवा जादा कामाची मागणीही मान्य केली असा अर्थ होत नाही. जादा काम झालं असेल तर त्याची कबुली वेगळी मिळवावी लागते.

दुसरी वाट कलम १९ ची. मुदतीच्या आत देण्यापैकी काही रक्कम मिळाली आणि ती दिल्याची नोंद देणाऱ्याच्या सहीने असली, तर त्या दिवसापासूनही तीन वर्षं नव्याने. ग्रामपंचायतीने पाच लाखांच्या बिलापोटी पन्नास हजारांचा धनादेश दिला तर धनादेशावरची सही हाच पुरावा. रक्कम थेट खात्यात आली असेल तर ती कोणत्या कामापोटी आली, हे सांगणाऱ्या प्रदान आदेशाची प्रत मागून ठेवावी. एका ठेकेदाराची तीन-चार कामं थकलेली असतात आणि आलेली रक्कम कोणत्या कामाची याचा पत्ता नसतो. मग एका बिलाला आधार मिळतो आणि बाकीची तशीच संपून जातात.

मुदत उलटून गेली असेल तर? करार अधिनियमाच्या कलम २५ मध्ये एक फट आहे. मुदतबाह्य झालेलं देणं फेडण्याचं सहीनिशी लेखी वचन दिलं तर तो नवा, वैध करार होतो. इथे नुसती कबुली पुरत नाही, फेडण्याचं स्पष्ट वचन लागतं. व्यक्ती असं वचन देऊ शकते. सार्वजनिक संस्थेत ते देणाऱ्याला लेखा आक्षेपाची धास्ती असते. केंद्राच्या वित्तीय नियमांतही मुदतबाह्य मागणी सर्वसाधारणपणे नाकारावी असाच रोख आहे. त्यामुळे या वाटेवर फार विसंबू नये.

खेड्यात बरीच कामं तोंडी सांगण्यावरून होतात. पावसात रस्ता वाहून गेला, विहिरीचा पंप बंद पडला. "करून टाक, बिल नंतर काढू" असं कोणी तरी म्हणतं आणि माणूस काम करून टाकतो. पुढे कळतं की ठराव नव्हता, निविदा नव्हती, म्हणून करारच नव्हता. अशा वेळी करार अधिनियमाचं कलम ७० कामाला येतं: फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा ज्याने लाभ घेतला, त्याने भरपाई द्यावी. पश्चिम बंगालमधल्या एका ठेकेदाराने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून सरकारी गोदामं बांधली होती. करार नियमांप्रमाणे झालेला नसतानाही सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या सुमारास या कलमाखाली त्याला पैसे मिळवून दिले. अर्थात इथेही मुदत तीनच वर्षांची, आणि कागद नसल्यामुळे फोटो, साक्षीदार, साहित्याच्या पावत्या हाच आधार.

बचत गटांसाठी आणि लहान उद्योगांसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाही तर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. वाद सुविधा परिषदेकडे नेता येतो. २०२५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या परिषदेतल्या समेटाच्या टप्प्याला मुदतीचा कायदा आडवा येत नाही, पण लवादाच्या टप्प्याला तो लागू आहे. जुन्या बिलांवर निदान बोलणी करायला हे एक दार उघडं आहे.

मजुरीचा हिशोब वेगळ्या कायद्यांत आहे. ग्रामपंचायतीच्या शिपायाला, सफाई किंवा पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला किमान वेतनापेक्षा कमी मिळालं तर १९४८ च्या कायद्याखाली सहा महिन्यांत अर्ज करावा लागे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि हा काळ तीन वर्षांचा झाला. कामगारांच्या बाजूने झालेला हा मोठा बदल आहे आणि तो गावोगावी पोचायला हवा. रोजगार हमीच्या मजुरीबद्दल २००५ च्या केंद्रीय कायद्याने पंधरा दिवसांची मर्यादा घातली होती, आणि त्यानंतर थकलेल्या रकमेवर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये मजुरी २९७ रुपये होती, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर रोजची भरपाई १५ पैशांहूनही कमी. इतक्या रकमेसाठी कोणी दाद मागायला जाणार नाही. ती आपोआप जमा झाली तरच तिला अर्थ.

जिल्हा परिषदेच्या निवृत्त शिक्षकांचं निवृत्तिवेतन चुकीचं ठरलं असेल तर दर महिन्याला नवी चूक होत राहते असं न्यायालयं मानतात. त्यामुळे उशिरा गेलेल्यालाही दाद मिळते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरतीच. जितका उशीर, तितकी जुनी वर्षं हातची जातात.

उलट्या दिशेनेही पाहू. सरकारने नागरिकावर दावा करायचा तर त्याला ३० वर्षं मिळतात. १९०८ च्या कायद्यात ती ६० होती. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद घटनेला धरून आहे असं ठरवलं. नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत मात्र या अर्थाने सरकार नाही. गाळ्याचं भाडं थकलं तर तिलाही सर्वसाधारण मुदत पाळावी लागते, आणि नवी दिल्लीच्या नगरपालिकेला १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की मुदतबाह्य भाडं झटपट वसुलीच्या मार्गानेही वसूल करता येणार नाही.

मुदत संपल्याने देणं नाहीसं होत नाही, दाद मागण्याचा मार्ग तेवढा बंद होतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५०च्या दशकात मुंबईतल्याच एका गिरणीच्या, बॉम्बे डाइंगच्या प्रकरणात मांडलं. प्रश्न होता कामगारांनी न उचललेल्या वेतनाचा. आणि १९७९ मध्ये मद्रास बंदर न्यासाच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. न्यासाच्या कायद्यातल्या सहा महिन्यांच्या मुदतीचा आधार घेऊन आकार परत करायचं नाकारण्यात आलं होतं. न्याय्य मागणी हाणून पाडण्यासाठी सार्वजनिक संस्थेने असा तांत्रिक बचाव घेऊ नये, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. संस्थेला तो बचाव घेण्याचा हक्क आहे, हेही त्यांनी नाकारलं नाही. अधिकाऱ्याने हा निकाल टेबलावर ठेवून वाचावा असं मला मनापासून वाटतं. थकलेलं देयक वेळेत, सहीनिशी मान्य करून ठेवणं हे त्याच्या हातात आहे, आणि मुदतीच्या आत केलेल्या कबुलीला लेखापरीक्षकाचाही आक्षेप असायचं कारण नाही.

ग्रामसभेलाही इथे काम आहे. वर्षाच्या जमाखर्चाचं वाचन होतं, तेव्हा त्याबरोबर कोणाकोणाचं किती देणं बाकी आहे याची यादी वाचली जावी, ती इतिवृत्तात उतरावी आणि तिच्यावर ग्रामपंचायतीच्या वतीने अधिकृत सही व्हावी. कलम १८ ला जे लागतं, ते सगळं या एका नोंदीत येतं, आणि दरवर्षी ती झाली तर गावातलं कोणतंही खरं देणं मुदतबाह्य होणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.

यादीत नाव आलं नाही आणि शेवटची तारीख जवळ आली असेल, तर दावा दाखल करणं हाच उपाय उरतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करायचा. सोबत कार्यारंभ आदेश, बिलाची आवक क्रमांक असलेली पोच, मोजमाप पुस्तिकेच्या पानाची प्रत आणि काम पूर्ण झाल्याची तारीख दाखवणारा दाखला न्यावा. शेवटच्या तारखेच्या निदान तीन महिने आधी जावं. वकील नेमला जायला, नोटीस जायला आणि दावा लिहायला तेवढा वेळ लागतो.